बोटं उघडेपर्यंत

गणपती उठले की माझा उजवा हात माझ्या आधी जागा होतो. डोळे उघडायच्या आत अंगठा एकेका बोटाला भेटून येतो. पहिलं, मधलं, अनामिका, करंगळी. चौघांशी गाठ पडली तर दिवस आपला. करंगळीकडं जाता जाता अंगठा अडला, तर दुधाचं पातेलं दोन हातांनी उचलायचं, वेणीऐवजी नुसता चाप लावायचा आणि कॉलेजात फळ्यावर कमी लिहून तोंडानंच जास्त शिकवायचं. माझा नवरा रेल्वेच्या ऑफिसात आहे. चहा गाळता गाळता तो विचारतो, "काय, आज गाडी टायमावर का लेट?" मी नुसती बोटं हलवून दाखवते. एवढ्या वर्षांनी याहून जास्त बोलावं लागत नाही.

बाकीचं वर्षभर हा हात गुणी असतो. खडू धरतो, पोळ्या लाटतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो. पण भादवा सरत आला, सकाळी गारवा आणि दुपारी चटका असं ऊन पडायला लागलं, की त्याचं बिनसतं. नांदेडात आमच्या गल्लीत या दिवसांत संध्याकाळी डासांसाठी धूर सोडणारी गाडी येते. पोरं तिच्यामागं आरडाओरडा करत पळतात, बाया धडाधड खिडक्या लावून घेतात. मी मात्र खिडकीशी तशीच उभी राहते. त्या धुराला रॉकेलचा वास असतो, आणि तो नाकात गेला की मी लातूरला माझ्या घरमालकिणीच्या, खालाच्या माडीवर सतरा वर्षांची होऊन बसलेली असते. बसलेली म्हणजे खरंच बसलेली. उठता येत नव्हतं.

लातुरात तेव्हा शिकवण्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. क्लासच्या वर क्लास, शेजारी मेस, मेसशेजारी झेरॉक्सचं दुकान. दुकानातून गरम कागदाचा वास यायचा आणि भिंतीभिंतीवरून पास झालेली पोरं आमच्याकडं टक लावून बघायची. आमचं रेणापूर तिथून एसटीनं हाकेच्या अंतरावर. तरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लातुरात खोली करून ठेवलं. "येण्याजाण्यात रोजचा तास जातो बाळ. तासात एक धडा होतो," ते म्हणाले. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. उभा जन्म त्यांनी पोरांचं अक्षर वळवण्यात घातला. 'तपासणारा आधी अक्षर बघतो, मग उत्तर,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा तर हात धरून त्यांनी गिरवून घेतलं होतं. माझं अक्षर मोत्यासारखं होतं. बढाई म्हणून सांगत नाही, पुढं त्याच मोत्यांनी माझा घात केला म्हणून सांगते.

खोलीची मालकीण मुमताज खाला. खाली रस्त्याच्या अंगाला तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान, मागं तिचं घर, वर आम्हा पोरींच्या दोन खोल्या. दिवेलागणीला खाला एक काम न चुकता करायची. फडताळात तांब्या ठेवायची, त्यावर एक पेला उपडा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जमीन हलली की पेले खाली येणार आणि घर जागं होणार. भूकंपानंतर तिकडं घरोघरी अशी भांडी रचायचे म्हणे. पण त्याला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती, बाकीच्यांनी ते कधीच सोडलं होतं. खालाची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली होती. गणपती उठल्यानंतरच्या त्या पहाटे बहिणीचं घर तिच्या अंगावर आलं. तेव्हापासून खालाचे पेले रोज चढायचे आणि रोज सकाळी उतरायचे. मांजरानं ते पाडले की आम्ही पोरी ओढणीत तोंड खुपसून हसायचो. त्या वयात कशाचंही हसू येतं, आणि नंतर त्याची लाज वाटते.

त्या वर्षी गणपती उठले आणि गल्लीत तापाची साथ आली, मागोमाग अशीच धुराची गाडी. चिकनगुनिया हा शब्द तोवर आम्ही ऐकलाही नव्हता. गल्लीतली निम्मी माणसं कमरेत वाकून, भिंतीला धरून चालायला लागली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढायला खालाच्या नवऱ्याला, टेलर मास्तरांना, दोन माणसं लागायची. मला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी ताप उतरला, अंगावरचा पुरळ मावळला, अण्णांनी नारळ फोडला. पण ताप गेला तो आपलं सामान माझ्या सांध्यांत ठेवून गेला. घोटे, मनगटं आणि सगळ्यांत जास्त उजव्या हाताची बोटं. सकाळी उठावं तर मूठ उघडायची नाही. दातानं पेनाचं टोपण काढायची मी.

नुसतं दुखलं असतं तर मी निभावून नेलं असतं. रोज दुखणाऱ्याशी माणूस काहीतरी बोलणी करतं. हे रोज दुखत नव्हतं. सोमवारी बोटं लाकडासारखी, मंगळवारी तशीच, बुधवारी उठावं तर हात हलका, जणू काही झालंच नाही. मग मी काय करायची? संपलं एकदाचं म्हणून बुधवारी तीन दिवसांचा अभ्यास करायची. पानंच्या पानं लिहून काढायची. गुरुवारी पुन्हा मूठ बंद. असं किती वेळा झालं असेल, आणि प्रत्येक चांगल्या दिवशी मी तितक्याच भाबडेपणानं फसले. डॉक्टर गोळ्या द्यायचे आणि म्हणायचे, "जाईल हळूहळू, व्हायरल आहे." हळूहळू म्हणजे किती, ते कुणी सांगत नव्हतं. बारावीची परीक्षा मात्र ठरलेल्या दिवशी येणार होती.

आमच्या क्लासची एक रीत होती. दर रविवारी लेखी परीक्षा, सोमवारी दाराशी यादी, आणि यादीतल्या नंबरावरून त्या आठवड्याची तुकडी. वरचे नंबर पहिल्या तुकडीत, पंख्याखाली, खुद्द सरांसमोर. खालचे नंबर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी एका सोमवारी पंख्याखाली असायची, पुढच्या सोमवारी पत्र्याखाली, तिसऱ्या सोमवारी पुन्हा पंख्याखाली. ती यादी माझ्या अभ्यासाची नव्हतीच, माझ्या बोटांची होती, पण ते मला एकटीलाच ठाऊक. सरांनी एकदा बोलावून घेतलं. दार उघडंच ठेवलं आणि आवाज खाली घेतला. "खरं सांग. कुणाचा फोन येतो का तुला?"

मला आधी समजलंच नाही. मग कान तापले. म्हटलं, "सर, बोटं दुखतात."

"मागच्या रविवारी नव्हती दुखत? अठरावी आली होतीस."

"मागच्या रविवारी नव्हती."

पोरगी खोटं बोलतेय, पण धड खोटंही बोलता येईना हिला, असं सरांच्या चेहऱ्यावर होतं. मी बाहेर आले आणि सायकलींच्या रांगेमागं उभी राहून रडले. सगळ्यांत वाईट हे, की मलाच माझी शंका यायला लागली होती. खरंच दुखतं का? का पेपर अवघड असला की दुखतं? मी रोज स्वतःची उलटतपासणी घ्यायची, आणि साक्षीदार रोज जबानी बदलायचा.

हे मी कुणापाशी बोलले नाही, फक्त खालापाशी बोलले. ती अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, "बेटी, मोठा धक्का काय, आला अन् गेला. उसका क्या, एकदाच रडून घेतलं. पण पीछेसे बारीक बारीक येत राहिले ना, महिनोन्‌महिने, त्यांनी खाल्लं बघ आम्हाला. आठ दिवस काही न्हाई. वाटायचं, झालं, थांबलं. लोक अंथरुणं घेऊन आत जायचे, की नवव्या दिवशी परत भांडी वाजली."

"मग तुम्ही घरात परत कधी गेलात?"

खाला हसली. "ठरवून कोण जातंय? अंगणात पत्रे ठोकून राहत होतो. पण बाहेर वाऱ्यानं चूल पेटंना. तर मी आत जायची, भाकरी होईतो आत, झाल्या की बाहेर. दुसऱ्या दिवशी परत. एक भाकरीपुरतं घर आपलं म्हणायचं, बाकीचं अल्लाचं. असं करता करता कवा आत झोपायला लागले, लक्षात न्हाई." देठांचं सूप तिनं झटकलं आणि पुढं म्हणाली, "पेले अजून रचते, हाव. हसता तुम्ही पोरी, मालूम है मुझे."

अण्णांच्या कानावर कुठून तरी लेखनिकाची गोष्ट आली. हात चालत नसेल तर बोर्ड माणूस देतं. उत्तर आपण सांगायचं, लिहायचं त्यानं. खालच्या वर्गातलं कुणीतरी. मी आधी नाहीच म्हणाले. माझी उत्तरं दुसऱ्याच्या अक्षरात! मला ते उष्ट्या ताटासारखं वाटत होतं. पण दिवाळीनंतर लागोपाठ तीन सोमवार पत्र्याखाली काढले तेव्हा हो म्हणाले. त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला लागत होता. अर्ज केला, तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी मला ओढणीची गाठ सोडता येत नव्हती. आणि त्या सकाळी डोळे उघडायच्या आत अंगठा गेला, पहिलं, मधलं, अनामिका, करंगळी. चारही बोटं लोण्यासारखी. मला आनंद झाला. आज हे लिहितानाही स्वतःचा राग येतो, पण खरं तेच लिहिते, मला आनंद झाला. ज्या दिवशी हात मोडका हवा होता त्या दिवशी तो धड निघाला, आणि मी वेडी खुशीत अण्णांबरोबर रांगेत उभी राहिले.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बोटं दाबून पाहिली, मनगट फिरवून पाहिलं. "दुखतं?"

"आज न्हाई."

"काल?"

"काल लई दुखत होतं."

"बरं, चार ओळी लिहून दाखव." त्यांनी कागद पुढं सरकवला.

माझ्या शेजारी अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले होते. पस्तीस वर्षांची सवय. पोरीच्या हातात पेन आणि समोर कोरा कागद दिसल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "नीट लिही बाळ. ओळ सरळ."

आणि मी नीट लिहिलं. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या, दहावीत पाठ केलेली. समास सोडून, काने सरळ, वेलांट्या एकसारख्या. शेवटी पूर्णविराम दिला आणि कागद दोन्ही हातांनी पुढं केला. क्लासमध्ये आम्हाला तसाच द्यायला शिकवलं होतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग अण्णांना. "गुरुजी, असं अक्षर मला कधी जन्मात काढता आलं नाही." ते टोचून बोलत नव्हते, खरंच कौतुक करत होते. मग त्यांनी अर्जावर लिहिलं की लिहिण्यास अडचण दिसून येत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? समोर होतं ते लिहिलं त्यांनी. माझा काल त्यांच्या टेबलावर कुठं होता?

स्टँडवर रेणापूरची गाडी लागली होती, तरी अण्णा चढले नाहीत. शेवटी चपलेकडं बघत म्हणाले, "मी म्हणायला नको होतं."

"काय?"

"नीट लिही म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही नसतं म्हटलं तरी मी नीटच लिहिलं असतं, अण्णा."

हे खरंच होतं. पण ते ऐकून त्यांना बरं वाटलं नाही, उलट डोळे भरून आले. भर स्टँडवर त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट हळूच दाबून पाहिलं. पहिलीनंतर त्यांनी माझं बोट धरलं ते थेट त्या दिवशी. मग गाडी सुटायला लागली आणि ते पळत जाऊन चढले.

परीक्षा आली. पेपर अकराला. खाला मला पाचला उठवायची. चुलीवर पाणी खदखदत असायचं. ते ज्वारीच्या पिठात ओतून परात माझ्यापुढं सरकवायची. "चल, मळ." पीठ पोळायचं, बोटं कळवळायची. मळत गेलं की कुठंतरी एक सांधा सैल व्हायचा, मग दुसरा. उजाडेपर्यंत मी घरादाराचं पीठ मळलेलं असायचं. माझ्या भाकरी नकाशासारख्या व्हायच्या. मास्तर काही न बोलता खायचे. नऊच्या सुमाराला अंगठा करंगळीला जाऊन भिडायचा आणि खाला पदरानं कपाळ पुसायची, जसा तिचाच पेपर आहे. पहिले दोन पेपर असे निघाले.

तिसरा फिजिक्सचा. त्या दिवशी आभाळ आलं होतं. मार्चमध्ये आभाळ यायचं काही कारण नव्हतं, पण आलं. पीठ मळलं, संपलं, खालानं शेजारणीकडून आणखी आणलं, तेही मळलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. अंगठा मधल्या बोटाच्या पुढं जाईना. खालानं माझे पिठाचे हात आपल्या हातांत धरले. "एक भाकरीपुरतं, बेटी. पूरा पेपर मत देख."

पेन मी पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरलं. एक उत्तर लिहायचं, हात मांडीवर ठेवायचा, आकडे मोजायचे, पुन्हा उचलायचा. पानावर उमटत होतं ते अक्षर माझ्या ओळखीचं नव्हतं. शाई फरफटत होती. घड्याळाकडं मी बघत नव्हते, पण त्याचा आवाज मनगटात ऐकू येत होता. शेवटचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पहिल्या समीकरणापासून शेवटच्या ओळीपर्यंत डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. मी नुसता प्रश्नाचा क्रमांक लिहिला आणि घंटा झाली. पेपर गोळा करणाऱ्या बाई आल्या, त्यांनी कागद हलकेच ओढला. मी सोडला नाही. म्हटलं, "मॅडम, हे मला येतंय."

"सगळे असंच म्हणतात बाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बोटांतून कागद सोडवून घेतला.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत गोळे काळे करता करता असंच झालं. डॉक्टरकी हुकली. पुढं वनस्पतीशास्त्र घेतलं, बीएड केलं, लग्न होऊन नांदेडला आले, शिकवायला लागले. झाडं मला आवडतात. जे झालं ते बऱ्यासाठीच झालं असं म्हणणाऱ्यांना मी चहा पाजते, पण मान हलवत नाही. माझं गेलं ते गेलं. मला ते हवं होतं. खाला दरवर्षी गणपती उठले की फोन करते, आता तिला ऐकू कमी येतं. "हात कैसा है?" एवढंच विचारते आणि मी काय सांगते ते न ऐकताच "हाव, हाव" म्हणते.

यंदा साथ पुन्हा आहे. परवा सकाळी स्टाफरूममध्ये माझ्या वर्गातली कावेरी आली, धर्माबादची, इथं होस्टेलला राहणारी. सोबत तिची आई. मुलीला महिन्यापूर्वी ताप येऊन गेलेला. लेखनिकाच्या अर्जावर आधी वर्गशिक्षिकेची शिफारस लागते, तो अर्ज पुढं करून पोरगी मान खाली घालून उभी राहिली.

आई मात्र थांबायला तयार नव्हती. "मॅडम, तुमीच सांगा हिला. काल दारात हात हात रांगोळी घातली हिनं, ठिपक्यांची. परवा म्हणत होती पेन धरता येत न्हाई. कसं खरं मानावं आमी?"

माझ्या तोंडाशी काय आलं होतं, सांगू? 'चार ओळी लिहून दाखव बरं.' जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं. आणि मी गप्प राहिले तरी पोरीनंच टेबलावरचा कोरा कागद ओढला, माझं पेन घेतलं आणि लिहिलं. नाव, वर्ग, गाव. सुंदर अक्षर. एकसारख्या वेलांट्या. लिहून झाल्यावर कागदाकडं बघून ती स्वतःच घाबरली.

"बगा!" आई म्हणाली.

मी कावेरीला म्हटलं, "एक वही कर. उद्यापासून रोज उठल्या उठल्या एक ओळ लिहायची, एकच, आणि पुढं तारीख घालायची. चांगली आली तर चांगली, बिघडली तर बिघडलेली. दाखल्याला जाशील त्या दिवशी ती वही घेऊन जायचं. डॉक्टर लिहून दाखव म्हणाले तर दाखव, नि वहीपण दाखव."

मग मी अर्ज जवळ ओढला. सकाळपासून माझा अंगठा मधल्या बोटापाशीच अडून बसला होता. पेन पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरलं आणि सही केली. वाकडी आली, शेवटची रेघ फरफटत रकान्याबाहेर गेली. आईनं ती पाहिली नाही, ती पिशवी आवरत होती. कावेरीनं पाहिली. सहीवरून तिची नजर माझ्या हातावर आली आणि तिथंच थांबली.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला पण?"

"हाव," मी म्हटलं. "काल नव्हतं."